रोखा, पावती आणि हप्त्याचं कार्ड : बिदर-कलबुर्गी सीमाभागातील कर्जाच्या कागदांचा इतिहास

बेदर म्हटलं की आपल्याकडच्या मराठी माणसाला बहमनी किल्ल्याच्या आधी दामाजीपंत आठवतात. कथा सगळ्यांना पाठ आहे. दुष्काळात मंगळवेढ्याच्या कोठारातलं सरकारी धान्य पंतांनी लोकांना वाटलं, बेदरच्या बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला, आणि पंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा कोणी दरबारात येऊन सगळी रक्कम भरून गेला. कीर्तनात यातला भक्तीचा भाग रंगतो. मला मात्र त्यातली व्यवहाराची गोष्ट जास्त लक्षात राहते. विठू महार पैसे ओतून तसाच निघून जात नाही, तो पावती मागून घेतो. देवाला देखील भरण्याचा कागद घ्यावा लागला! ही कथा इतिहास म्हणून घ्यायची नाही, हे मलाही कळतं. पण जो समाज ती पिढ्यान् पिढ्या ऐकत आला, त्याला देण्याघेण्याचा अनुभव कसला होता, हे त्यातून समजतं.

या निबंधात मला एवढंच दाखवायचं आहे की आपल्या सीमाभागात कर्जदारावर झालेल्या अन्यायाचं मूळ व्याजाच्या दराइतकंच कागदात आहे. कागद कोणाकडे राहिला, कोणत्या भाषेत लिहिला गेला, आणि फेड झाल्याची नोंद कोणी ठेवली, या तीन प्रश्नांभोवती गेली दीडशे वर्षं इथले कज्जे फिरले. आजच्या ग्राहक कायद्यातल्या तक्रारींचा विषयही शेवटी हाच आहे.

मी शिक्षणाने स्थापत्य अभियंता. मोडी आणि उर्दू दोन्ही चाळिशीनंतर शिकलो, ते घरोघरची जुनी दप्तरं वाचता यावीत म्हणून. त्यामुळे माझी पद्धत जरा हिशेबाची आहे. कागद समोर आला की मी आधी आकडे मांडून बघतो.

एक रोखा, तीन लिप्या

निजामाच्या राज्यात बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत माणसं घरात मराठी, कन्नड, तेलुगू, दख्खनी किंवा लमाणी बोलत. सावकाराची वही बहुधा मोडीत किंवा मारवाडी वळणात. दरबारची आणि कोर्टाची भाषा आधी फारसी आणि १८८०च्या दशकापासून उर्दू. म्हणजे भालकीकडच्या एखाद्या कुणब्याने कर्ज मागितलं मराठीत, ते लिहिलं गेलं मोडीत, आणि दावा लागला तर निकाल आला उर्दूत. यांतलं एकही अक्षर त्याला वाचता येत नसे.

रोख्याची ठेवण ठरलेली असते. वर तिथी, शक, कधी फसली साल. (निजामी फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी साल येतं.) मग धनको आणि रिणको यांची नावं, रक्कम, व्याज दरमहा दर शेकडा किती, मुदत, साक्षी. सही येत नसे तिथे निशाणी. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बहुधा बांगडी. त्या नांगराच्या चित्राशेजारी लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि लिहिणारा बहुतेक वेळा सावकाराच्याच बैठकीतला किंवा त्याच्या मर्जीतला कुलकर्णी. रोखा लिहून झाला की तो जातो सावकाराच्या पेटीत. कर्जदाराच्या हाती प्रत नाही.

आता या कागदात फसायच्या जागा कुठे कुठे होत्या बघा.

पहिली जागा रुपयाची. निजामाचा हाली शिक्का वेगळा, इंग्रजी कलदार वेगळा. सरकारी दराने १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोलापूर, अक्कलकोट, दुधनीकडून गुलबर्ग्यापर्यंत दोन्ही नाणी चालत. रोख्यात नुसतं ‘रुपये’ लिहिलं आणि हाली घेऊन कलदार फेडायची वेळ आली, तर व्याज सुरू व्हायच्या आधीच मुद्दल सहाव्या हिश्श्याने फुगलं.

दुसरी जागा धान्याची. पेरणीला बी-बियाणं सवाईने किंवा दिढीने घ्यायचं, म्हणजे सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करायचं. सहा महिन्यांत पन्नास टक्के. शिवाय पेरणीच्या वेळी धान्य महाग आणि सुगीला स्वस्त. मापाने हिशेब ठेवला तर एक आकडा येतो, पैशांत ठेवला तर दुसरा. कोणता धरायचा ते वहीवाला ठरवणार.

तिसरी जागा गहाणाची. नजरगहाणात जमीन कुळाच्या ताब्यात राही, कब्जेगहाणात सावकाराच्या. आणि मुदतखरेदीत? ठरल्या दिवशी पैसे आले नाहीत तर जमीन सावकाराची खरेदीच झाली. मुदतीच्या दिवशी सावकार नेमका गावाला गेलेला असतो, ही तक्रार आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकली आहे. इंग्रजी हद्दीत १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने यावर तोड काढली होती. सावकार पैसे घेत नसेल तर गहाणाची रक्कम थेट कोर्टात भरता येई. पण कायद्याला तशी सोय लिहावी लागली, यावरूनच काय ते समजावं.

सोलापुरात कायदा, गुलबर्ग्यात सावकार

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली. तिथून दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शाळेच्या पुस्तकात आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून हे वाचलेलं असतं. त्यातली मुद्द्याची गोष्ट अशी की लोक पैसा किंवा दागिने शोधत नव्हते, रोखे आणि हुकूमनामे मागत होते. जिथे सावकाराने कागद काढून दिले तिथे ते जाळून लोक बहुतेक परत गेले, मारहाण झाली ती कागद द्यायला नकार दिला तिथे. पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही हे नोंदवलं.

आयोगाने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला अभियंता म्हणून फार मोलाची वाटते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला, जुनी देणी उकरून काढू नयेत म्हणून. झालं उलटंच. मुदत संपायच्या आत सावकार कुळाला बोलावून नवा रोखा करून घेई, आणि थकलेलं व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहिलं जाई.

हिशेब करून बघा. १०० रुपये, दरमहा शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४. कुळाने काहीच फेडलं नाही असं धरू. सरळ व्याजाने बारा वर्षांत २८८ व्याज आणि १०० मुद्दल, मिळून ३८८. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाने तर एका वेळी मुद्दलाइतकंच व्याज मागता येतं, म्हणजे २०० वर थांबायचं. पण दर तीन वर्षांनी रोखा नवा केला तर १०० चे १७२, मग २९६, मग ५०९ आणि बाराव्या वर्षी ८७५. दर तोच, माणूस तोच, कागद मात्र चार वेळा बदलला. दामदुपट कागदोपत्री कुठेही मोडलेली नाही, कारण प्रत्येक नव्या रोख्यात मुद्दलच नवं आहे.

भालकी तालुक्यातल्या एका शेतकरी घरातल्या ट्रंकेत मला अशी एक साखळी पाहायला मिळाली. (घराण्याची इच्छा नाही म्हणून नाव देत नाही.) एकाच देण्याचे मागोमाग रोखे, प्रत्येकात मागील बाकी पुढे ओढलेली, आणि शेवटी एक उर्दू निकाल. घरातल्यांना वाटत होतं ही जमिनीची सनद आहे. तीन पिढ्यांनी ते कागद हळद-कुंकू लावून जपले होते!

१८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ साली ‘दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा’ झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपल्याला लागून असलेला सोलापूर, या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यात काय होतं? न्यायाधीशाने समोरच्या रोख्यावर थांबायचं नाही, देण्याची सुरुवात कुठून झाली तिथपर्यंत मागे जाऊन हिशेब करायचा. मुद्दल आणि व्याज वेगवेगळं मांडायचं, चक्रवाढ धरायची नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. दावा लावायची मुदत वाढवून दिली, म्हणजे रोखा फिरवायचं कारण उरू नये. आणि कागदांबद्दल तर सविस्तर नियम केले : शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचा, पैसे दिले की पावती मिळायची, वर्षाला हिशेबाचा उतारा मागता यायचा, पासबुक मागता यायचं. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखालच्या कोर्टांच्या तपासणीवर होते. १८८७ साली ते त्याचे विशेष न्यायाधीश झाले.

हा कायदा रामबाण होता असं नाही. सावकारांनी गहाणखत सोडून सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कायद्यात कलम घालावं लागलं की खरेदीखताच्या आड खरा व्यवहार काय होता ते कोर्टाने तपासावं. सावकाराची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्यावर भरायचा होता, पाऊस मात्र हप्त्याने पडत नव्हता. ती मधली दरी सावकारच भरून काढत होता, दुसरं कोणी नव्हतं. आणि कज्जाचा धाक बसल्यावर काही सावकारांनी कर्ज द्यायचंच आखडतं घेतलं.

पण सीमेची गोष्ट बघा. सोलापूरच्या शेतकऱ्याला १८७९ मध्ये पावती, उतारा आणि पासबुक मागायचा हक्क मिळाला. तेव्हा रेल्वे सोलापूरहून गुलबर्ग्यावरून रायचूरला पोचून आठ वर्षं झाली होती. गाडी काही तासांत पलीकडे जात होती, कायद्याला जायला साठ वर्षं लागली. १९२९-३० मध्ये एस. केशव अय्यंगार यांनी हैदराबाद संस्थानाची आर्थिक पाहणी केली, १९३७ मध्ये भरुचा यांचा शेतकी कर्जबाजारीपणावरचा अहवाल आला, आणि मग फसली १३४९ मध्ये, म्हणजे १९३९-४० मध्ये, हैदराबादचा सावकारी कायदा झाला. सावकाराला परवाना सक्तीचा केला, आणि परवाना नसेल तर त्याचा दावा कोर्टात उभा राहणार नाही अशी तरतूद केली. तोवर मंदीत धान्याचे भाव कोसळून गेलेले, आणि गहाण सुटायचे दिवसही गेलेले.

दारात बसणं

वसुलीचा इतिहास कागदाइतकाच जुना. आज आपण धरणं म्हणतो ते आंदोलनाला. मूळचं धरणं हे देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसण्याचं. बसणारा उपाशी मेला तर पाप घरधन्यावर, म्हणून घरचेही जेवत नसत. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या ५०८ कलमाला उदाहरण म्हणून हेच धरणं दिलेलं आहे. दैवी कोपाची भीती घालून काम करवून घेणं हा गुन्हा ठरला.

निजामी मुलुखात धरण्याहून कडक प्रकार होता. नोकरीतून सुटलेले अरब आणि रोहिले शिपाई स्वतः सावकारी करत किंवा दुसऱ्याची वसुली अंगावर घेत. पहिल्या सालारजंगाच्या काळात दरबाराने त्यांना आवरायला सुरुवात केली, पण तगादा म्हटल्यावर दारात हत्यारबंद माणूस, हे चित्र या भागाच्या आठवणीत टिकून राहिलं.

दोन्ही प्रकारांत मर्म एकच, अब्रू. जमीन किंवा बैल जायच्या आधी दारात गर्दी जमवायची, शेजाऱ्यांना दिसेल असं करायचं. हे सूत्र पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

माणूसच तारण : भगेला

ज्याच्याकडे जमीन नाही त्याने गहाण काय टाकायचं? स्वतःला. हैदराबाद संस्थानात कर्जाच्या बदली मालकाकडे राबणाऱ्याला भगेला म्हणत. कन्नडमध्ये जीत. लग्न, आजारपण, दुष्काळ अशा कारणाने उचललेली रक्कम, आणि ती फिटेपर्यंत काम. मजुरी किती धरायची, खाडे किती मांडायचे, कपड्यालत्त्याचे पैसे किती लावायचे, सगळं मालकाच्या वहीत. त्यामुळे देणं बापाकडून मुलाकडे येई. १९३६ साली निजाम सरकारने भगेला करारांवर नियमन आणलं. गावात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण ज्याच्या वहीत हिशेब त्याच्यापुढे तोंड उघडणार कोण?

चाळीस वर्षांनी, १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात देशभरच्या अशा पद्धतींची नावं यादीने दिली आहेत. त्या यादीत ‘भगेला’ आहे आणि ‘जीता’ही आहे. दिल्लीच्या कायद्यात आपल्या भागाची कोणती खूण राहिली असेल तर ती ही. या कायद्याने असं देणं तिथल्या तिथे रद्द ठरवलं.

आज भगेला शब्द नव्या पिढीला माहीत नाही. ‘उचल’ मात्र माहीत आहे. बीड-लातूरसारखीच आपल्या सीमेवरच्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीला माणसं जातात, ती मुकादमाकडून कोयत्यामागे उचल घेऊन. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. बाकी ओढणं म्हणजे काय ते आपण वर रोख्यांत पाहिलंच.

१९५६ : कागदांची भाषा पुन्हा बदलली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडलं. बिदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. भाषावार प्रांतरचनेचं राजकारण हा वेगळा विषय. इथे एवढंच सांगायचं की कर्जदाराच्या दृष्टीने सरकारी कागद पुन्हा एकदा परका झाला. काल उर्दू होता, आज कन्नड. औराद-भालकीकडच्या मराठी घरांत, आणि गुलबर्ग्याच्या आळंदकडच्याही अनेक घरांत, पहाणी पत्रक किंवा बँकेचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची सवय तशीच राहिली. याचा दोष भाषेला नाही. उदगीरच्या कन्नड घराची मराठी कागदापुढे हीच अवस्था झाली.

कायदेही बदलले. हैदराबादच्या जागी म्हैसूरचा १९६१ चा सावकारी कायदा आला, पुढे १९७६ चा कर्ज निवारण कायदा, २००४ चा अवाजवी व्याजबंदीचा कायदा. पण पतपुरवठा कोणाच्या हाती होता? १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत देशातल्या शेतकऱ्यांच्या कर्जांपैकी सरकार आणि सहकारी संस्था मिळून जेमतेम साडेसहा टक्के, आणि धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून सुमारे सत्तर टक्के निघाले. कायदा सावकाराला आवरत होता, पर्याय देत नव्हता.

बचतगटाची वही आणि कंपनीचं कार्ड

पर्याय आला तो बायकांच्या बचतगटांतून. १९९२ साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आणि त्या दशकात बिदरच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने या कामात देशात नाव मिळवलं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ही नोंद ठळक व्हायला हवी.

मी अशा काही गटांच्या जुन्या वह्या पाहिल्या आहेत. वही गटाकडेच असते. हिशेब गटातली शिकलेली मुलगी लिहिते, कन्नडमध्ये किंवा मराठीत, आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवते. कोणी किती भरलं ते दहा-पंधरा जणींना ऐकू येतं. रोख्याच्या इतिहासात कर्जदाराच्या हातात वही असण्याचा हा माझ्या पाहण्यातला पहिलाच प्रकार.

नंतर खासगी सूक्ष्मवित्त कंपन्या आल्या. त्यांनी गटाची रचना घेतली, वही मात्र स्वतःकडे ठेवली. शिवाय एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं, हा दंडक अनेक ठिकाणी पडला. धरणं परत आलं, फक्त आता ते शेजारणींकडून करून घेतलं जातं.

औराद तालुक्यातल्या एका बाईंनी मला आपलं हप्त्याचं कार्ड दाखवलं. तीन ठिकाणची तीन कार्डं होती. मी विचारलं, “अक्का, व्याज किती पडतं?” त्या म्हणाल्या, “हप्ता तेवढा ठाऊक हाय बघा, काका. बाकीचं तेच वाचत्यात, आम्ही सही करताव.” नांगराच्या निशाणीपासून आपण सहीपर्यंत आलो, वाचण्यापर्यंत अजून यायचं आहे.

इथेही थोडा हिशेब. समजा ५०,००० रुपये ‘बारा टक्क्यांनी’ एका वर्षासाठी दिले, व्याज पूर्ण रकमेवर धरून ६,०००, आणि ५६,००० चे बारा मासिक हप्ते पाडले. ऐकायला शेकडा एक. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, वर्षभर ५०,००० तुमच्याकडे नसतातच. घटत्या बाकीवर मांडलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. प्रक्रिया शुल्क आणि विमा सुरुवातीलाच कापला तर आणखी वर. म्हणून कार्डावर दर कोणत्या रीतीने लिहिला आहे याला महत्त्व.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात कर्नाटकभर वसुलीच्या छळाच्या तक्रारी उठल्या, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्याने अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. जबरदस्तीच्या वसुलीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड त्यात आहे, आणि नोंदणी-परवाना नसलेल्या सावकाराकडून दुर्बल घटकांनी घेतलेलं कर्ज फिटलं असं मानण्याची तरतूद आहे. हैदराबादच्या १९३९-४० च्या कायद्यातला परवान्याचा मुद्दा इथे पुन्हा दिसतो, जास्त धार लावून.

आज हातात काय आहे

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या गावात, घरात हा प्रश्न चालू असेल, म्हणून इतिहासाच्या ओघातच आजचे हक्क नोंदवतो.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मवित्त निर्देशांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज या नियमांत येतं. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत कार्ड द्यायचं, आणि त्यावर प्रत्येक हप्त्याची पोच आणि शेवटची फेड झाल्याची नोंद करायची. घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी, आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन नाही. कंपनीने तीस दिवसांत तक्रार मिटवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही नवी कल्पना आणली. अवाजवी ठेव मागणं, नुकसानीच्या मानाने भलता दंड लावणं, मुदतीआधीची फेड घ्यायला नकार देणं, एकतर्फी करार मोडणं, हे सगळं त्यात येतं. मुदतखरेदीच्या दिवशी गावाला गेलेला सावकार आठवून ही यादी वाचा, म्हणजे तिची मुळं किती खोल आहेत ते कळेल. एक अडचण आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात करता येते, पण करार अन्याय्य ठरवून घ्यायचा तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. तिथपर्यंत कोणता शेतकरी जाईल, हा प्रश्न १८७९ मध्ये रोख्यामागे जाण्याचा अधिकार खालच्या कोर्टाला देणाऱ्यांना सुचला होता.

शेवटी मंडळाच्या वतीने एक विनंती. आपण किल्ले, शिलालेख, बारवा यांची नोंद करतो, कर्जाचे कागद मात्र लाजेपोटी दाबून ठेवतो. फिटलेला रोखा फाडायची जुनी रीत असल्यामुळे जे उरले ते बहुधा न फिटलेले, आणि म्हणून घराला नकोसे. ते जाळू नका. मोडी असो, उर्दू असो, एक फोटो काढून पाठवा. आम्ही वाचून देऊ, नावं झाकून ठेवू. आणि ट्रंक उघडाल तेव्हा घरातल्या सुनेच्या, लेकीच्या पर्समधलं हप्त्याचं कार्डही एकदा बाहेर काढा. कोणत्या भाषेत आहे, दर घटत्या बाकीवर लिहिला आहे की पूर्ण रकमेवर, भरलेल्या प्रत्येक हप्त्यापुढे सही आहे की नाही, हे तिच्या शेजारी बसून वाचा.